जीआरईतील वेळेचे नियोजन : पहिल्या सरावापासून शेवटच्या मिनिटापर्यंत

जीआरई ही मुख्यतः परदेशातील पदव्युत्तर प्रवेशासाठी द्यावी लागणारी परीक्षा. ती देऊन आलेल्या विद्यार्थ्यांकडून ‘गणिते येत होती, पण वेळ पुरला नाही’ हे वाक्य वारंवार ऐकू येते. त्यांच्या सरावाच्या नोंदी शांतपणे पाहिल्या, तर वेळ सगळ्या प्रश्नांवर थोडाथोडा जास्त गेला असे सहसा आढळत नाही. दोन-तीन प्रश्नांनी प्रत्येकी चार-चार मिनिटे घेतलेली असतात आणि त्याची किंमत शेवटच्या, बहुतेकदा सोप्या असलेल्या प्रश्नांनी मोजलेली असते. म्हणून नुसता वेग वाढवण्याच्या मागे लागल्याने हा दोष जात नाही. हातातील प्रश्न केव्हा बाजूला ठेवायचा, याचा निर्णय वेळेवर घेण्याची सवय लावावी लागते. ही सवय कशी आणि कोणत्या क्रमाने लावायची, हे पुढे दिले आहे. ज्यांचे मूलभूत गणित आणि शब्दसंग्रह यांची एक उजळणी झाली आहे आणि जे रोज दीड-दोन तास देऊ शकतात, त्यांनी या कामासाठी सहा ते आठ आठवडे हाताशी ठेवावेत.

## १. आधी परीक्षेचा आराखडा पक्का करावा

सप्टेंबर २०२३ पासून ही परीक्षा १ तास ५८ मिनिटांची झाली आहे. तिची सध्याची विभागणी अशी आहे :

- लेखन : १ निबंध, ३० मिनिटे
- व्हर्बल (इंग्रजी भाषा आणि आकलन), पहिला विभाग : १२ प्रश्न, १८ मिनिटे
- व्हर्बल, दुसरा विभाग : १५ प्रश्न, २३ मिनिटे
- क्वांट (गणित), पहिला विभाग : १२ प्रश्न, २१ मिनिटे
- क्वांट, दुसरा विभाग : १५ प्रश्न, २६ मिनिटे

निबंध नेहमी सुरुवातीला येतो. त्यानंतर व्हर्बल आणि क्वांटचे विभाग कोणत्याही क्रमाने येऊ शकतात. मध्ये विश्रांती नाही. कुणी मध्येच उठले, तरी घड्याळ थांबत नाही.

थोडक्यात, व्हर्बलमध्ये एका प्रश्नाला साधारण ९० सेकंद आणि क्वांटमध्ये १०५ सेकंद मिळतात. जुन्या स्वरूपात व्हर्बलचे २० प्रश्न ३० मिनिटांत आणि क्वांटचे २० प्रश्न ३५ मिनिटांत सोडवायचे असत, म्हणजे प्रत्येक प्रश्नाचा वाटा तेव्हाही एवढाच होता. त्यामुळे जुन्या पुस्तकांवरून सराव केला तरी काही बिघडत नाही, असा समज होतो आणि तो चुकीचा आहे. विभाग लहान झाल्यामुळे चूक भरून काढायला जागा उरलेली नाही. एका प्रश्नात चार मिनिटे अडकणे हे ३० मिनिटांच्या विभागात निभावून नेता येत होते. १८ मिनिटांच्या विभागात तोच विद्यार्थी एकपंचमांशाहून अधिक वेळ गमावतो. जुन्या पुस्तकातील प्रश्न जरूर वापरावेत, मात्र ते १२ आणि १५ च्या संचांत पाडून घ्यावेत.

चार नियम पाठ असले पाहिजेत, कारण पुढचे सर्व त्यांवर उभे आहे. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. एका विभागातील सर्व प्रश्नांचे वजन सारखे असते. विभाग संपेपर्यंत त्यातील कोणत्याही प्रश्नावर परत जाता येते, संपल्यावर नाही. आणि पहिल्या विभागातील एकूण कामगिरीवरून दुसऱ्या विभागाची काठिण्यपातळी ठरते.

इशारा : शेवटच्या नियमाचा चुकीचा अर्थ काढून अनेक जण पहिल्या विभागातील एकेका अवघड प्रश्नाला चिकटून बसतात. तेथे पाहिली जाते ती संपूर्ण विभागाची कामगिरी. चार मिनिटांत सुटलेला एक अवघड प्रश्न आणि त्यापायी राहून गेलेले दोन सोपे प्रश्न, हा सौदा तोट्याचाच आहे.

## २. वेळ कशात जातो, याची नोंद

परीक्षा घेणारी ईटीएस ही संस्था ‘पॉवरप्रेप’ या नावाने दोन पूर्ण चाचण्या मोफत देते. त्यांतील पहिली तयारीच्या सुरुवातीला द्यावी आणि दुसरी परीक्षेच्या आधीच्या पंधरवड्यासाठी राखून ठेवावी. पहिल्याच आठवड्यात दोन्ही देऊन टाकल्या, तर शेवटी स्वतःला जोखायला खात्रीचे माप उरत नाही.

ही चाचणी देताना प्रत्येक प्रश्न संपला, की पडद्यावर उरलेला वेळ कच्च्या कागदावर लिहावा. लागोपाठच्या दोन नोंदींतील फरक म्हणजे त्या प्रश्नाला लागलेला वेळ. नंतर वहीत चार रकाने आखावेत : प्रश्नाचा प्रकार, लागलेला वेळ, उत्तर बरोबर की चूक, आणि वेळ कशात गेला. चौथा रकाना भरायला सर्वांत कंटाळवाणा आहे आणि नेमका तोच रिकामा सोडला जातो. ‘प्रश्न अवघड होता’ असे त्यात लिहू नये. त्यातून पुढे काय करायचे ते कळत नाही. बहुतेक नोंदी पुढील पाच कारणांत बसतात.

पहिले कारण म्हणजे प्रश्नाची मांडणीच न कळणे, म्हणजे वाक्य तीनदा वाचूनही काय काढायचे आहे ते न उमगणे. यावर उपाय म्हणून सोडवायला घेण्यापूर्वी ‘काय विचारले आहे’ ते दोन-तीन शब्दांत कागदावर लिहिण्याची सवय करावी. दुसरे कारण म्हणजे लांबची पद्धत. रीत बरोबर असते, उत्तरही येते, पण तीन मिनिटांनी. असे प्रश्न बरोबर आल्यामुळे कुणी पुन्हा पाहत नाही, आणि माझ्या मते वेळेची सर्वांत मोठी गळती येथेच असते. दोन मिनिटांपेक्षा अधिक वेळ घेतलेला प्रत्येक बरोबर प्रश्न चुकलेल्या प्रश्नाइतक्याच गांभीर्याने पुन्हा सोडवावा आणि त्याची आखूड वाट शोधावी.

एक उदाहरण घेऊ. ‘८४० चे १५ टक्के’ आणि ‘१५० चे ८४ टक्के’ यांची तुलना करायची आहे. कॅल्क्युलेटर उघडून दोन्ही गुणाकार करणाऱ्याला पाऊण मिनिट लागते. दोन्हीकडे १५, ८४ आणि १० यांचाच गुणाकार आहे हे पाहणारा पंधरा सेकंदांत ‘समान’ हा पर्याय निवडतो. आलेख वाचून सोडवायच्या प्रश्नांतही असेच घडते. १९८७ वरून २५०३ पर्यंत झालेली वाढ विचारली असेल आणि पर्याय १५, २०, २६, ३२ व ४० टक्के असे असतील, तर २००० वरून २५०० म्हणजे २५ टक्के एवढा अंदाज पुरतो.

तिसरे कारण आकडेमोडीतील चूक आणि तिचा शोध. यावर उपाय नीटनेटक्या कच्च्या कामाचा आहे. प्रत्येक प्रश्नाला क्रमांक घालून कागदावर वेगळा चौकोन द्यावा, म्हणजे परत आल्यावर जुनी मांडणी सापडते. चौथे कारण दोन पर्यायांमधील घालमेल. ती मुख्यतः व्हर्बलमध्ये आढळते. कोणता पर्याय ‘बरोबर वाटतो’ यावर विचार करत राहिल्यास ती संपत नाही. दोन पर्यायांपैकी एकातील नेमका कोणता शब्द उताऱ्याशी जुळत नाही, हे शोधावे; वीस सेकंदांत सापडला नाही, तर एक पर्याय निवडून पुढे जावे. पाचवे कारण उतारा पुन्हा पुन्हा पहिल्यापासून वाचणे. यासाठी पहिल्या वाचनातच प्रत्येक परिच्छेदाचे काम चार शब्दांत टिपावे : ‘जुना समज’, ‘त्याला आक्षेप’, ‘नवा पुरावा’, अशा प्रकारे.

तपासणी : नोंदवहीत साठ-सत्तर प्रश्न झाल्यावर पाचही कारणांची बेरीज करावी. सर्वांत मोठा आकडा ज्या कारणाचा, त्यावर पुढचे दोन आठवडे काम करावे. सगळ्याच दोषांवर एकदम हात घातला, तर एकही हटत नाही.

## ३. आधी अचूकता, मग घड्याळ

येथे क्रम उलटा करण्याची चूक फार सामान्य आहे. पद्धत पक्की नसताना टाइमर लावला, की विद्यार्थी घाईत चुकीचीच पद्धत घट्ट करतो आणि मग ती मोडायला दुप्पट कष्ट पडतात. म्हणून प्रत्येक प्रकाराचा सराव तीन पायऱ्यांनी करावा. पहिल्या पायरीवर वेळेचे बंधन नसावे. दहापैकी आठ उत्तरे बरोबर येईपर्यंत येथेच थांबावे. दुसऱ्या पायरीवर स्टॉपवॉच सुरू ठेवावे, पण त्याकडे पाहू नये. संच संपल्यावरच वेळ लिहावा. तिसऱ्या पायरीवर प्रत्यक्ष मर्यादा घालावी. पहिल्यांदा परीक्षेपेक्षा पाचव्या हिश्श्याने अधिक वेळ द्यावा आणि तो दोन-तीन संचांत खऱ्या वेळेवर आणावा.

इशारा : परीक्षेपेक्षा कमी वेळेत सोडवण्याचा ‘कडक सराव’ टाळावा. त्याने प्रश्न अर्धवट वाचण्याची सवय लागते, आणि ती परीक्षेच्या दिवशीही सुटत नाही.

## ४. प्रत्येक प्रकाराची स्वतंत्र मर्यादा

९० आणि १०५ सेकंद ही सरासरी आहे. तीच प्रत्येक प्रश्नाला लावली, तर छोट्या प्रश्नांवर वेळ वाया जातो आणि उताऱ्यांना तो कमी पडतो.

व्हर्बलमध्ये एक रिकामी जागा असलेल्या वाक्याला ४५ सेकंद, दोन जागांना ७० सेकंद, तीन जागांना ९० सेकंद आणि सेंटेन्स इक्विव्हॅलन्सला (एकाच जागेसाठी वाक्याचा अर्थ सारखा ठेवणारे दोन शब्द निवडायचा प्रकार) ५० सेकंद ठेवावेत. उताऱ्यासाठी आधी वाचनाचा वेळ बाजूला काढावा : एका परिच्छेदाला सव्वा ते दीड मिनिट आणि मोठ्या उताऱ्याला अडीच ते तीन मिनिटे. त्यानंतर प्रत्येक प्रश्नाला सुमारे एक मिनिट. पहिल्या विभागात शब्दांचे सात आणि उताऱ्यांचे पाच प्रश्न आले असे धरले, तर शब्दांना सात मिनिटे, उताऱ्यांना नऊ मिनिटे आणि शेवटच्या फेरीला दोन मिनिटे असा हिशोब बसतो.

क्वांटमध्ये साधारण एकतृतीयांश प्रश्न दोन राशींच्या तुलनेचे असतात. त्यांना ७५ सेकंदांची मर्यादा ठेवावी. या प्रकारात पूर्ण उत्तर काढण्याचा मोह वेळ खातो. चल राशी असेल, तर २, १, ०, अर्धा आणि एखादी ऋण संख्या घालून पाहावी. दोन किमतींनी दोन वेगळे निष्कर्ष दिले, की ‘सांगता येत नाही’ हे उत्तर तेथेच निश्चित होते आणि पुढे एकही ओळ लिहिण्याचे कारण राहत नाही. उलट, दोन्ही बाजूंना निश्चित संख्याच असतील, तर तो पर्याय कधीच बरोबर असू शकत नाही. इतर प्रश्नांना १०५ सेकंद द्यावेत. आलेखांच्या संचात पहिल्या प्रश्नाला थोडा अधिक वेळ लागेल, कारण शीर्षक, एकके आणि तळटीप वाचण्याचा वेळ त्यातच येतो. एकके न वाचता केलेली घाई पुढच्या सर्व प्रश्नांना भोवते.

पडद्यावरील कॅल्क्युलेटर माऊसने चालवणे हाताच्या कॅल्क्युलेटरपेक्षा मंद असते, म्हणून सराव पडद्यावरच करावा. उत्तर टाइप करण्याच्या प्रश्नांत कॅल्क्युलेटरवरील उत्तर थेट चौकटीत नेणारे बटण आहे, तेही वापरून पाहावे. उत्तर अपूर्णांकात द्यायचे असेल, तर त्याला संक्षिप्त रूप देण्याची गरज नसते. तेवढे पंधरा सेकंद वाचतात.

## ५. निवडीचा सराव

माझ्या मते संपूर्ण तयारीत हाच टप्पा सर्वांत मोलाचा आहे, आणि ‘यात काही सोडवले जात नाही’ म्हणून तोच गाळला जातो.

न पाहिलेल्या पंधरा प्रश्नांचा संच घ्यावा. प्रत्येक प्रश्न वीस सेकंद पाहावा आणि न सोडवता त्याच्यापुढे एक खूण करावी : ‘आता’, ‘नंतर’ किंवा ‘अंदाज’. वाट दिसत असेल तर ‘आता’. वाट आहे पण लांबची वाटत असेल तर ‘नंतर’. विषयच न आठवणारा असेल तर ‘अंदाज’. मग टाइमर न लावता सगळे प्रश्न सोडवावेत आणि खुणा कितपत योग्य होत्या ते पडताळावे. ‘आता’ म्हटलेल्या प्रश्नाला तीन मिनिटे लागली, किंवा ‘अंदाज’ म्हटलेला एका मिनिटात सुटला, तर तो कशामुळे फसवा वाटला ते लिहावे. आठवड्यातून दोनदा, निदान चार आठवडे हा सराव केला, की स्वतःची नजर कुठे चुकते ते स्पष्ट होते. लांबलचक शब्दांचे पण सोपे प्रश्न पाहूनच घाबरणारे काही असतात. काहींना दिसायला छोटा पण आत गुंता असलेला संख्यांच्या गुणधर्मांचा प्रश्न नेहमी ओढून घेतो.

तपासणी : पंधरापैकी निदान बारा खुणा योग्य ठरू लागल्यावरच पुढच्या टप्प्यावर जावे.

## ६. विभाग दोन फेऱ्यांत सोडवणे

पहिल्या फेरीत पहिल्यापासून शेवटच्या प्रश्नापर्यंत जायचे. ‘आता’चे प्रश्न सोडवायचे, ‘नंतर’ आणि ‘अंदाज’ यांना काहीतरी उत्तर भरून, ‘मार्क’ बटणाने खूण करून लगेच पुढे जायचे. उत्तर भरल्याशिवाय कोणताही प्रश्न सोडून जाऊ नये, कारण परत येण्याची खात्री नसते आणि चुकल्यास काही गमवावे लागत नाही. मोठा उतारा पहिल्या फेरीत जड वाटला, तर त्याचे सगळेच प्रश्न दुसऱ्या फेरीत न्यावेत. अर्धे आता आणि अर्धे नंतर केले, की तोच उतारा दोनदा वाचावा लागतो.

सोडवायला घेतलेला प्रश्न मध्येच अडला, तर त्या प्रकाराच्या मर्यादेवर आणखी अर्धे मिनिट द्यावे, त्याहून अधिक नाही. ‘आता एवढा वेळ घातलाच आहे’ हा विचार मनात आला, की तोच थांबण्याचा इशारा समजावा.

दुसऱ्या फेरीत खुणा केलेल्यांतून आधी ‘नंतर’चे घ्यावेत. तेवढ्याच वेळाचे दोन प्रश्न उरले असतील आणि एकाच प्रश्नापुरता वेळ असेल, तर अंदाजाने जो बरोबर येण्याची शक्यता कमी, तो सोडवावा आणि दुसऱ्याचा अंदाज करावा. राशींच्या तुलनेत अंदाज चारांत एकदा बरोबर येतो आणि पाच पर्यायांच्या प्रश्नात पाचांत एकदा. सेंटेन्स इक्विव्हॅलन्समध्ये सहांतून दोन शब्द निवडायचे असल्याने ही शक्यता पंधरांत एक उरते. तीन रिकाम्या जागांच्या वाक्यात ती सत्तावीसांत एक असते, कारण तिन्ही जागा बरोबर आल्याशिवाय गुण मिळत नाही. उत्तर टाइप करण्याच्या प्रश्नात तर अंदाजाला जवळजवळ अर्थच नाही.

शेवटच्या सव्वा मिनिटात नवीन प्रश्न हाती घेऊ नये. आढाव्याचा पडदा उघडून एकही प्रश्न ‘अनुत्तरित’ किंवा ‘अपूर्ण’ नाही एवढे पाहावे. दोनऐवजी एकच शब्द निवडलेला प्रश्न तेथे अपूर्ण म्हणून दिसतो. हा पडदा उघडा असतानाही घड्याळ चालूच असते.

## ७. घड्याळ कधी पाहायचे

दर प्रश्नानंतर घड्याळ पाहणाऱ्याचे लक्ष तुटते, आणि अजिबात न पाहणारा उशिरा जागा होतो. प्रत्येक विभागात दोनच टप्पे आणि एक शेवट ठरवावा. पहिल्या फेरीत त्या क्रमांकापर्यंत पोहोचल्यावर पडद्यावर निदान एवढी मिनिटे उरलेली असावीत :

- व्हर्बल १ : चौथ्या प्रश्नानंतर १४, आठव्यानंतर ८, बाराव्यानंतर २
- व्हर्बल २ : पाचव्यानंतर १७, दहाव्यानंतर ९, पंधराव्यानंतर २
- क्वांट १ : चौथ्यानंतर १६, आठव्यानंतर ९, बाराव्यानंतर २
- क्वांट २ : पाचव्यानंतर २०, दहाव्यानंतर ११, पंधराव्यानंतर २

पहिल्या फेरीत काही प्रश्न मागे ठेवलेले असल्यास शेवटच्या प्रश्नानंतर दोनपेक्षा बराच अधिक वेळ हातात असायला हवा. तोच दुसऱ्या फेरीचा वेळ.

## ८. निबंधाची ३० मिनिटे

पाच मिनिटे भूमिका आणि तीन मुद्दे ठरवायला, वीस मिनिटे लिहायला आणि पाच वाचून दुरुस्त करायला ठेवावीत. पडद्यावरील लेखनसुविधा अगदी साधी आहे; शुद्धलेखन तपासणारी सोय तिच्यात नाही. ज्यांना टंकलेखनाची सवय नाही, त्यांनी दोन आठवडे रोज पंधरा मिनिटे तेवढ्यासाठीच द्यावीत. निबंधाचे विषय ईटीएसने संकेतस्थळावर खुले ठेवले आहेत, त्यामुळे आराखड्याचा सराव खऱ्या विषयांवर करता येतो.

## ९. पूर्ण चाचण्या

परीक्षेआधीच्या तीन आठवड्यांत दर आठवड्याला एक, फार तर दोन पूर्ण चाचण्या द्याव्यात. चाचणी निबंधासह आणि मध्ये न उठता द्यावी, शक्यतो परीक्षेच्याच वेळी. निबंध गाळून दिलेली चाचणी फसवी असते. प्रत्यक्ष परीक्षेत व्हर्बल किंवा क्वांट सुरू होते, तेव्हा अर्धा तास लिहून झालेला असतो. चाचणीच्या दुसऱ्या दिवशी नवीन चाचणी न देता नोंदवही भरावी.

घरून परीक्षा देणाऱ्यांना साधा कच्चा कागद वापरता येत नाही. छोटा पांढरा फळा, किंवा पारदर्शक आवरणात ठेवलेला एक कागद आणि पुसता येणारा मार्कर एवढेच चालते. यावर जागा कमी पडते आणि पुसण्यात वेळ जातो, म्हणून निदान शेवटच्या तीन चाचण्या त्याच साधनाने द्याव्यात. कधी पुसायचे तेही ठरवून घ्यावे. खूण केलेल्या प्रश्नाची मांडणी दुसऱ्या फेरीपर्यंत पुसू नये.

## १०. परीक्षेत मागे पडल्यास

पहिल्या टप्प्यावर एक मिनिट मागे असल्यास काहीही बदलू नये. दोन मिनिटांहून अधिक मागे असल्यास वाचनाचा वेग वाढवू नये, प्रश्नांची संख्या कमी करावी. पुढचे जे दोन प्रश्न लांबचे दिसतील, त्यांना अंदाजाने उत्तर भरून खूण करावी आणि बाकीचे नेहमीच्या गतीने सोडवावेत. दोन प्रश्न ठरवून सोडल्याने तीन मिनिटे परत मिळतात. तसे न केल्यास घाईमुळे उरलेल्या प्रत्येक प्रश्नाची अचूकता घसरते.

दुसरा विभाग सोपा आला की अवघड, याचा तर्क करत बसू नये. त्या तर्काने हातातील एकाही प्रश्नाचे उत्तर बदलत नाही. विभाग संपला, की त्यातील शंका तेथेच संपवावी. पुढच्या विभागाचा टाइमर सुरू होताच प्रश्नांची संख्या पाहावी, कच्च्या कागदाच्या वरच्या कोपऱ्यात त्या विभागाचे सातव्या भागातील उरलेल्या मिनिटांचे तीन आकडे लिहावेत आणि मगच पहिला प्रश्न वाचायला घ्यावा.